सेवा : देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि वाद घालण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. देवळातले कीर्तन असो की पारावरची चर्चा, एखादी गोष्ट पटली नाही तर ते उठून प्रश्न विचारीत. अशा माणसाला सलग अठरा दिवस गप्प बसलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले. ते १९६६ साल होते आणि मी आठ वर्षांचा होतो. आईच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागणार होती, म्हणून दोन बस बदलून आम्ही तिला एका मिशन रुग्णालयात नेले होते. रोज सकाळी तेथील वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ येत, खाटांच्या दोन रांगांमध्ये उभे राहून प्रार्थना म्हणत, येशूच्या चरित्रातील एखादी गोष्ट सांगत, आणि जाताना ‘कोणाला काही विचारायचं आहे का?’ असे हसून विचारीत. वडील मान खाली घालून बसून राहत.

आई बरी झाली. बिल इतके कमी आले की चूक तर झाली नाही ना, हे वडिलांनी पुन्हा विचारून घेतले. आमची आजी कडक सोवळ्याची. रुग्णालयातून आलेल्या कपड्यांना तिने दोन दिवस हात लावला नाही, पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्या डॉक्टरांना उदंड आयुष्य मागायला ती कधी विसरली नाही. पुढे मी महाविद्यालयात असताना एकदा हा विषय निघाला, तेव्हा वडील म्हणाले, ‘मी गप्प बसलो ते पटलं म्हणून नव्हे. तुझी आई खाटेवर होती म्हणून.’

त्या बोलण्यात कृतज्ञता पुरेपूर होती, आणि एक बारीकशी सलही होती. उपकार खरा होता, उपकारकर्ता सज्जन होता, कोणी कसलीही अट घातली नव्हती. तरीही एका स्वाभिमानी माणसाला आपला प्रश्न गिळावा लागला होता. धर्मसंस्थेने दुर्गम भागात चालवलेली आरोग्यसेवा आणि तिच्याशी शासनाने केलेले सहकार्य यांविषयी जेव्हा जेव्हा वाद उसळतो, तेव्हा मला वर्तमानपत्रातील मथळ्यांपेक्षा वडिलांचे ते मौन आठवते. नोकरीच्या काळात या प्रश्नाशी माझा कागदोपत्री संबंध आला, तोही माझ्या दृष्टीने फारसा भूषणावह नाही. त्याविषयी पुढे सांगेन. प्रथम मूळ प्रश्नाकडे वळू.

प्रश्न असा की, हेतूमुळे सेवा अशुद्ध होते काय? आपल्याकडे याचे उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायात शोधण्याची प्रथा आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक. आणि परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले राजस, अशी तेथे विभागणी आहे. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली याच्याशी काहीसे नाते सांगणारी भूमिका मांडली. कृतीचे नैतिक मोल तिच्या परिणामात नसून ती ज्या सदिच्छेतून, ज्या कर्तव्यबुद्धीतून होते तिच्यात आहे, असे त्याचे म्हणणे. याच्या उलट जॉन स्टुअर्ट मिल याने बुडणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले. बुडणाऱ्याला वाचवणारा कर्तव्य म्हणून वाचवो की बक्षिसाच्या आशेने, त्याने केले ते योग्यच केले. हेतूवरून त्या माणसाची पारख करावी, त्याच्या कृत्याची नव्हे.

दोन्ही बाजू विचार करण्याजोग्या आहेत, पण एका बाबतीत त्या सारख्याच आहेत. दोघांचीही नजर काठावरून उडी घेणाऱ्याकडे लागलेली असते. जो बुडत होता आणि वाचला, त्याचे पुढे काय? त्याने त्या वाचवणाऱ्यापुढे जन्मभर मान तुकवून राहायचे काय? हा प्रश्न कांटनेही त्या विवेचनात विचारला नाही आणि मिलनेही त्या उदाहरणात विचारला नाही. गीतेतही पात्र-अपात्रतेचा विचार आहे, पण तो देणाऱ्याने करायचा आहे. दान घेणाऱ्याचे मन त्या विवेचनाच्या कक्षेत येत नाही. माझ्या मते ख्रिस्ती आरोग्यसेवेविषयीचा आपल्या देशातील वाद इतकी दशके तुटत नाही, याचे कारण तो देणाऱ्याच्या हेतूभोवतीच फिरत राहिला, हे आहे. हेतू कोणालाच दिसत नाही. जो दिसत नाही त्याविषयी दोन्ही पक्ष वाटेल तितका काळ भांडू शकतात.

इतिहासाकडे थोडे पाहू. बेळगावकरांना मिरज परकी नाही. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्यासाठी जागा दिली ती मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींनी. म्हणजे हिंदू राजाची जमीन, ख्रिस्ती मिशनचा डॉक्टर आणि सर्व जातिधर्मांचे रोगी असा तो मेळ होता. आज सरकारी परिपत्रकांत ‘भागीदारी’ हा शब्द सुळसुळाटला आहे. तो जन्मण्यापूर्वीची ही भागीदारी. वानलेस यांना पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले, ते आजही आहे. मिशनचा धर्मप्रचाराचा हेतू उघड होता. संस्थानिकांना तो ठाऊक नसेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तरीही त्यांनी जागा दिली, कारण प्रजेला शल्यचिकित्सक हवा होता.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. राजाच्या मर्जीची जागा संविधानाने घेतली. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले, आणि पंचविसाव्याने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना पुढचा इतिहास माहीत असेल. १९५४ साली तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा निष्कर्ष होता आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस होती. १९६८ साली मध्य प्रदेशात तत्संबंधी कायदा झाला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवताना, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्वाळा दिला. त्या समितीच्या निष्कर्षांवर ख्रिस्ती समाजाने तीव्र आक्षेप घेतले. हा वाद मला येथे सोडवायचा नाही. दोन गोष्टी मात्र मान्य कराव्याच लागतात. रोग्याच्या असहायतेचा लाभ घेऊन त्याची श्रद्धा बदलवणे हा अपराध आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने होवो. आणि केवळ संशयावरून एखाद्या दुर्गम वस्तीतील एकमेव दवाखाना बंद पाडणे, हाही अपराधच आहे. पहिल्यासाठी कायदा आहे. दुसऱ्यासाठी नाही.

या दुसऱ्या अपराधात माझा वाटा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास मी सह्याद्रीच्या कुशीतील एका तालुक्यात तहसीलदार होतो. पावसाळ्यात चार महिने बाहेरच्या जगापासून तुटणारी काही गावे त्या तालुक्यात होती. त्यांपैकी एका गावी ख्रिस्ती धर्मभगिनींचा एक लहान दवाखाना होता. सरकारी उपकेंद्राची इमारत गावात होती, परंतु नेमणूक झालेली परिचारिका तेथे राहत नसे आणि दाराला बहुतेक वेळा कुलूप असे. म्हणून महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या वारी, बालकांच्या लसीकरणाचे सत्र धर्मभगिनींच्या ओसरीवर भरे. लस शासनाची, टोचणारी शासनाची, ओसरी आणि घरोघरी जाऊन बायांना बोलावून आणण्याचे काम सिस्टरांचे. कोठेही लेखी करार नव्हता, पण काम चालले होते.

एके दिवशी टपालात एक अर्ज आला. सदर दवाखान्यात औषध देण्यापूर्वी प्रार्थना म्हटली जाते व त्यातून धर्मांतरास उत्तेजन मिळते, सबब शासनाने सहकार्य थांबवावे, असा मजकूर होता. अर्जावर सह्या होत्या, आणि त्यांतील काही वजनदार होत्या. मी शेरा लिहिला : ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर ठिकाणचे सत्र स्थगित ठेवणे उचित होईल.’ प्रशासनात याला सावधपणा म्हणतात. आरोग्य खात्याने सत्र दुसऱ्या गावी हलवले. अंतर नऊ किलोमीटर, मध्ये ओढा, आणि तो आषाढ महिना होता.

चौकशीस मी स्वतः गेलो, तोवर श्रावण उलटला होता. सिस्टरांनी काही लपवले नाही. ‘सकाळी दार उघडताना आम्ही प्रार्थना म्हणतो. ती आमच्यासाठी असते. ज्याला थांबायचं तो थांबतो,’ असे त्या म्हणाल्या. रुग्णांची वही त्यांनी पुढे ठेवली. गावात कोणाचे धर्मांतर झाल्याचे ना कोणी सांगितले, ना कोणी दाखवले. परतताना एका अंगणात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी विचारले, ‘आजी, त्या बाया औषध देताना देवाचं नाव घ्यायला लावतात का?’ तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, ‘सायब, त्या त्यांच्या देवाचं नाव घेतात, मी माझ्या रवळनाथाचं घेते. गोळी एकच. तुमच्या दवाखान्याला कुलूप हाय, त्याच्या आत कुठला देव हाय ते सांगा.’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी अहवाल दिला, तक्रार निराधार ठरली, सत्र पूर्ववत सुरू झाले. तोवर तीन महिने गेले होते. त्या तीन महिन्यांत त्या गावातील किती बालके लसीवाचून राहिली, त्यांतील कोणाचे काय झाले, हे मी विचारले नाही. अहवालात तो रकाना नव्हता, आणि रकाना नसेल तर प्रश्न पडत नाही, अशी सवय आम्हा लोकांना लागलेली असते. धर्मभगिनींच्या हेतूची मी तपासणी केली. माझ्या शेऱ्याच्या हेतूची आणि परिणामांची तपासणी कोणीही केली नाही. मी कोणत्या हेतूने तो शेरा लिहिला? धर्मरक्षणाच्या नव्हे, निष्पक्षतेच्याही नव्हे. वजनदार सह्यांचा अर्ज आपल्या टेबलावर अडून राहू नये, एवढाच हेतू होता. म्हणून हेतूच्या शुद्धतेविषयी बोलण्याचा अधिकार मला कमी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो.

त्या म्हातारीच्या बोलण्यात मला वडिलांच्या मौनाचे उत्तर पुढे कितीतरी वर्षांनी सापडले. ती मुळीच दबलेली नव्हती. सिस्टरांचा उपकार ती मान्य करत होती, पण त्या उपकाराने तिचा रवळनाथ तिच्यापासून कोणी घेतला नव्हता, आणि सरकारी साहेबाला प्रश्न विचारण्याची तिची जीभही शाबूत होती. वडिलांना जे रुग्णालयात साधले नाही ते तिला अंगणात साधले होते. फरक कशाचा होता? माझ्या मते फरक जागेचा होता. वडील दुसऱ्याच्या घरी होते, तर सिस्टर म्हातारीच्या गावी राहायला आलेल्या होत्या.

हा फरक माझ्यासारख्या सामान्य माणसाला उशिरा कळला, पण चर्चमधील काही जाणत्या मंडळींना तो फार पूर्वी कळला होता. १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हात ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला. त्याच्या आगेमागे चर्चच्या रुग्णालयांचा जो अभ्यास झाला, त्यात असे दिसले की चर्चची बहुतेक सारी वैद्यकीय शक्ती रुग्णालयांत आणि झालेला रोग बरा करण्यात खर्च होते आहे. आजूबाजूच्या गावांतील जी माणसे त्या फाटकापर्यंत पोहोचूच शकत नाहीत, त्यांच्या आरोग्यावर तिचा परिणाम फारच थोडा होतो. आपल्याच संस्थांविषयी असा निष्कर्ष काढून तो मांडायला धैर्य लागते. १९७४ साली या आयोगाचे जागतिक आरोग्य संघटनेशी औपचारिक सहकार्य सुरू झाले. १९७५ साली संघटनेने जगातील निवडक प्रयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात एक प्रकरण होते आपल्या जामखेडचे. १९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्या मागे जी अनुभवांची शिदोरी होती, तीत जामखेडचा वाटा होता.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. काही वर्षे त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले आणि तेथे त्यांना रुग्णालयाची मर्यादा दिसली : बरा होऊन घरी गेलेला रोगी काही महिन्यांनी तोच रोग घेऊन परत येत होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले. ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचे पाठबळ त्यांना होते. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि हे त्यांनी कधी लपवले नाही.

त्यांनी पुढे जे केले ते आज अनेकांना ठाऊक आहे, पण त्यातील नैतिक मर्म बहुधा सांगितले जात नाही. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या, आणि राहिल्या तरी गावाच्या होत नव्हत्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, तिला प्रशिक्षण द्यावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजाच्या होत्या, काही परित्यक्ता, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. सुरक्षित बाळंतपण, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, गरोदर बाईचा आहार, लसीकरण, कुष्ठरोगाची पहिली खूण, हे सारे त्या शिकल्या. जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिच्या हातून सवर्ण घरातले बाळंतपण होऊ लागले. दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या जातील, असे पाहिले गेले. म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागे. प्रवचनाने जे झाले नसते ते पाण्याच्या घागरीने केले. प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली दर हजारी १७६ होते. ते १९७६ पर्यंत ५२ वर आणि १९९० च्या दशकात २६ वर आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले.

मर्म कोठे आहे ते सांगतो. डॉक्टरांची सत्ता असते ती ज्ञानाच्या मक्तेदारीत. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्यापुढे रोगी नेहमी हात जोडून उभा असतो. हे डॉक्टर ती मक्तेदारीच वाटून टाकत होते. जी बाई बाळंतपण करायला शिकली तिला पुढच्या वेळी डॉक्टरांची मनधरणी करावी लागत नाही. तिने घेतलेले ज्ञान तिचे झाले, परत मागता येणार नाही असे झाले. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस वाकतो तो उपकार पुनःपुन्हा घ्यावा लागतो म्हणून. ज्या सेवेने सेवकाची गरजच कमी कमी होत जाते, ती घेणाऱ्याला मोकळे करते. देणाऱ्याचा हेतू ख्रिस्तप्रेम होता, की देशप्रेम, की कीर्ती, हा प्रश्न मग फार महत्त्वाचा राहत नाही. अशा सेवेतून माणूस कोणाचा अंकित बनवताच येत नाही.

तेव्हा सेवेची कसोटी देणाऱ्याच्या अंतःकरणात शोधू नये, घेणाऱ्याच्या स्थितीत शोधावी, असे मला म्हणायचे आहे. औषध घेऊनही त्याला ‘तुमचं हे मला पटत नाही’ असे म्हणता येते काय? प्रार्थनेच्या वेळी त्याला उठून बाहेर जाता येते काय, आणि गेल्यावर त्याचा नंबर मागे तर पडत नाही ना? सेवा कशी चालावी याविषयी त्याचे मत कोणी विचारते काय? काही वर्षांनी तो पूर्वीपेक्षा अधिक स्वतंत्र होतो, की अधिक अवलंबून? हे प्रश्न कोणालाही तपासता येतात. ते अंगणात बसून विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे तांदूळ निवडणारी म्हातारी देऊ शकते. हीच कसोटी मंदिर-विश्वस्तांच्या रुग्णालयाला, मठाच्या दवाखान्याला, एखाद्या उद्योगपतीच्या धर्मादाय शिबिराला आणि शासनाच्या आरोग्य केंद्रालाही लावावी. केवळ ख्रिस्ती संस्थांनाच ती लावणे म्हणजे न्यायाच्या नावाखाली पक्षपात करणे होय.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मग हेतूला काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती मोठी आहे. पण वेगळ्या ठिकाणी. कुलूप लागलेले उपकेंद्र आणि उघडा दवाखाना यांत फरक पगाराचा नव्हता. परिचारिकेला सिस्टरांपेक्षा अधिक पैसे मिळत असणार. चार महिने चिखलात, दिव्यावाचून, एखाद्या गावी राहून दाखवायला काहीतरी श्रद्धा लागते. ती ख्रिस्तावरची असो, विठ्ठलावरची असो, की बाबा आमटे यांच्यासारखी श्रमावरची आणि माणसावरची असो. शासन नियम करू शकते, नेमणूक करू शकते, बदली तर फारच उत्तम करू शकते. श्रद्धा मात्र आदेशाने निर्माण करता येत नाही. म्हणून श्रद्धावंतांशी सहकार्य करणे शासनाला भाग आहे. हेतूमुळे सेवा टिकते. ती सेवा न्याय्य आहे की नाही, हे मात्र हेतू ठरवू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धर्मसंस्था जर हे काम इतके चांगले करतात तर शासनाने ते त्यांच्यावरच सोपवून का देऊ नये? माझे उत्तर असे की, काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे प्रमाण शासनाने स्वतः ठरवलेले आहे. ते पाळले गेले असते तर त्या गावच्या बायांना निवड करता आली असती : सिस्टरांकडे जावे, की केंद्रात. जेथे दुसरे दार नाही तेथे पहिल्या दारावरचा देव कितीही दयाळू असला तरी माणूस त्याच्यापुढे मोकळ्या मनाने उभा राहत नाही. वडिलांना त्या काळी दुसरे दार नव्हते. नागरिकाला धार्मिक दडपणापासून वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कायद्याच्या पुस्तकात नाही, तो उघड्या आणि चालत्या सरकारी दवाखान्यात आहे. आपण बहुधा पहिला उपाय आधी योजतो, कारण तो स्वस्त पडतो. संस्थांचे हिशेब पाहण्याचा अधिकार शासनाला अवश्य असावा. परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा १९७६ सालापासून आहे आणि २०१० साली तो नव्याने झाला. पण हिशेब तपासणाऱ्याने आपल्या कुलपाचाही हिशेब द्यायला हवा.

भागीदारी म्हटली की करारावर दोन सह्या असतात, एक शासनाची आणि एक संस्थेची. ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्या गावाची सही कोठेच नसते. जामखेडात बाईची निवड गावाने केली, ही माझ्या मते तिसरी सही होती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्ती आली, तेव्हा हाच विचार शासनाने देशभर स्वीकारला, असे वाटले. रूप स्वीकारले हे खरे. गावातलीच बाई निवडली गेली, शाळेची किमान अट घालून का होईना. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यकर्त्यांचा गौरवही केला. परंतु तिच्याकडून कामे करून घेण्याची यंत्रणा जितकी उभी राहिली, तितकी तिचे म्हणणे ऐकून घेण्याची राहिली नाही. मानधनासाठी तिला वेळोवेळी रस्त्यावर बसावे लागले आहे. ज्ञान वाटून सत्ता सोडणे हा जामखेडचा प्राण होता, आणि परिपत्रकाने तेवढाच उचलायचा राहिला.

हे सारे लिहिताना त्या तीन महिन्यांची आठवण अर्थातच होते. निवृत्तीनंतर एकदा मी त्या गावी गेलो होतो. म्हातारी केव्हाच गेली होती. ओढ्यावर पूल झाला आहे. उपकेंद्र उघडे होते आणि तेथे एक तरुण परिचारिका फळ्यावर लसींचे वेळापत्रक लिहीत होती. सिस्टरांच्या दवाखान्याची गर्दी पूर्वीपेक्षा कमी झाल्याचे दिसले. मी त्यांतील वयस्कर सिस्टरना विचारले, ‘याचं वाईट वाटतं का?’ त्या म्हणाल्या, ‘उलट, आता येतात ते दुसरीकडे जाता येत असूनही येतात. त्यांच्याशी बोलताना बरं वाटतं.’

त्या १९९५ च्या आसपासच्या पावसाळ्याविषयी मी त्यांना विचारावे म्हणून गेलो होतो. त्यांच्याकडे त्या वर्षीची वही असणार, आणि तीत नावे असणार. प्रश्न ओठांवर आला होता. चहा झाला, बोलणे झाले, आणि मी तो न विचारताच परतलो. वडिलांचे मौन असहायतेचे होते, त्याला क्षमा आहे. माझे तसे नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला उच्चार आहे, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती वही पाहायला जायचे, असे मी ठरवले आहे.